तेल कुणाच्या हातून लागलं?

२ जून १९५३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दुसऱ्या एलिझाबेथचा राज्यारोहण सोहळा झाला. ॲबीच्या आतला सोहळा पहिल्यांदाच टीव्हीवरून लोकांच्या घरात पोचत होता. शपथ दाखवली, मुकुट चढवताना दाखवला, गुडघे टेकणारे सरदार दाखवले. दोनच प्रसंग कॅमेऱ्यापासून लांब ठेवले: राणीने घेतलेलं कम्युनियन, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा प्रसाद, आणि त्याआधीचा तेलाचा विधी. त्या विधीसाठी राणीने अंगावरचे दागिने आणि भरजरी झगा उतरवला. साधा पांढरा पोशाख घालून ती खुर्चीत बसली. चार सरदारांनी तिच्यावर चांदवा धरला आणि आर्चबिशपांनी तिच्या तळहातांवर, छातीवर आणि माथ्यावर तेल लावलं. २०२३ मध्ये तिच्या मुलाच्या वेळी तर तीन बाजूंनी पडदेच उभे केले होते.

मुकुट जगाला दाखवायचा आणि तेल झाकायचं, असं या तेलात काय आहे? चर्चचं उत्तर सरळ आहे: राजा मुकुटाने होत नाही, तेलाने होतो, आणि तो क्षण राजा आणि देव यांच्यातला आहे. मला यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मुकुट उतरवता येतो, हिसकावता येतो, वेळ पडली तर स्वतःच्या हातानेही घालता येतो. राजपदाचं तेल मात्र दुसऱ्याकडूनच लावून घ्यावं लागतं. म्हणून या विधीचा इतिहास वाचताना एक प्रश्न हाताशी ठेवावा: तेल लावायचा अधिकार कुणाचा? तीन-साडेतीन हजार वर्षांचा गुंता त्या प्रश्नाने बराच सुटतो.

तेलच का

हा विधी रुजला तो पश्चिम आशियात, ऑलिव्हच्या झाडांच्या मुलखात. तिथे हे तेल जेवणात होतं, दिव्यात होतं, जखमेवर होतं, आणि कोरड्या हवेत कातडी फुटू नये म्हणून अंगालाही होतं. पाहुण्याच्या डोक्याला तेल लावणं हा साधा पाहुणचार होता. पाणी ओतलं तर घटकाभरात वाळून जातं. तेल मुरतं आणि चकाकत राहतं. शिवाय स्निग्ध पदार्थ वास धरून ठेवतो. अल्कोहोलमधली अत्तरं येण्याच्या कितीतरी आधी सुगंध तेलात किंवा चरबीत उतरवूनच ठेवत. त्यामुळे विधी उरकला तरी त्याचा वास केसांत, दाढीत, कपड्यांत राहायचा. शेजारून जाणाऱ्यालाही कळायचं की या माणसाचं काहीतरी बदललं आहे.

हा बदल केवळ राजांपुरता नव्हता. लग्न ठरलेल्या मुलीच्या डोक्यावर वराकडच्यांनी तेल ओतण्याचा उल्लेख ॲसिरियाच्या जुन्या कायद्यांच्या मातीच्या पाट्यांवर सापडतो. तेल पडलं की नातं पक्कं. राजांच्या बाबतीतला एक जुना पुरावा इजिप्तमधल्या अमार्ना इथे मिळालेल्या पत्रांत आहे. ही पत्रं इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातली. सीरियातल्या नुहश्शे नावाच्या छोट्या राज्याचा राजा इजिप्तच्या राजाला, फेरोला, लिहितो, की तुमच्या पूर्वजाने, तिसऱ्या थुटमोसने, माझ्या आजोबांना राजा केलं आणि त्यांच्या डोक्यावर तेल घातलं. पत्र मदत मागण्यासाठी आहे आणि तेलाची आठवण त्यात हक्काने काढली आहे. ज्याने तेल घातलं त्याने पाठीशी उभं राहायचं. थोडक्यात, तेल लावून घेणारा मांडलिक ठरतो आणि लावणाऱ्यावरही जबाबदारी येते.

शिंग, मेंढपाळ आणि कापलेला झगा

यहुदी परंपरेत हीच कल्पना आली, फक्त फेरोच्या जागी देव आला. बायबलच्या निर्गम या ग्रंथात पवित्र तेलाची कृती मापासकट दिली आहे: गंधरस ५०० शेकेल, दालचिनी २५०, सुगंधी बोरू २५०, तज ५००, आणि एक हिन ऑलिव्ह तेल. शेकेल साधारण ११ ग्रॅमचा धरला तर मसाला सोळा किलोंच्या वर जातो आणि तेल जेमतेम चार-पाच लिटर. एवढा मसाला एवढ्याशा तेलात कसा मावणार, हा प्रश्न जुन्या यहुदी पंडितांनाही पडला होता. तालमूदमध्ये त्यावर चर्चा आहे. तिथे एक मत असं, की मुळं आणि साली आधी पाण्यात भिजवायच्या, वरून तेल ओतायचं, तेलाने वास ओढून घेतला की ते वरचेवर काढून घ्यायचं. हे तेल मंडपाला, वेदीला, भांड्यांना आणि याजकांना लावायचं. कुणी घरी तसंच तेल केलं किंवा परक्याला लावलं तर त्याला समाजातून तोडून टाकावं, असा दंडकही तिथेच आहे.

राजांची गोष्ट शमुवेल संदेष्ट्यापासून सुरू होते. त्याने आधी शौलाला तेल लावलं. पुढे देवाचं शौलावरून मन उडाल्यावर तो तेलाने भरलेलं शिंग घेऊन बेथलेहेमला गेला. तिथे इशायाचे सात मुलगे एकेक करून समोर आले आणि सातही नाकारले गेले. धाकटा दावीद मेंढरं राखायला गेला होता. त्याला बोलावून आणलं आणि भावांच्या देखत त्याच्या डोक्यावर तेल ओतलं. शौल अजून गादीवरच होता. एकाच राज्यात तेल लागलेले दोघे झाले, आणि पुढची सारी कथा या पेचाची आहे.

त्यातला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. शौल दावीदच्या जिवावर उठलेला आहे. एन-गेदीच्या रानात तो एका गुहेत एकटा शिरतो. त्याच गुहेच्या पोटात दावीद आणि त्याची माणसं दडून बसलेली असतात. माणसं म्हणतात, आलाय तावडीत, संपव. दावीद गुपचूप पुढे होतो आणि शौलाच्या झग्याचा काठ तेवढा कापतो. नंतर त्या काठाचंही त्याला वाईट वाटतं. कारण तो एकच सांगतो: हा परमेश्वराने तेल लावलेला माणूस आहे, याच्यावर हात टाकणं मला शक्य नाही. शौल चांगला राजा आहे म्हणून त्याने त्याला सोडलेलं नाही. तेल लावणारा वेगळा आहे, म्हणून ते पुसायचा हक्कही आपला नाही, एवढंच त्याचं म्हणणं. राजाच्या अंगाला हात लावणं हे पाप, ही युरोपातली कल्पना पुढे हजारभर वर्षं याच गोष्टीवर उभी राहिली.

‘मशीहा’ या हिब्रू शब्दाचा आणि ‘ख्रिस्त’ या ग्रीकवरून आलेल्या शब्दाचा अर्थ तेल लावलेला असाच आहे. गंमत अशी की यशया ग्रंथात हाच शब्द इराणच्या सायरस राजाला लावला आहे. तो यहुदी नव्हता आणि यहुदी याजकाने त्याला तेल लावल्याचीही नोंद नाही. त्याने बाबिलोनमधल्या यहुद्यांना घरी परतू दिलं, तेवढ्यावर त्याला हा मान मिळाला. येशूच्या बाबतीतही कुणा संदेष्ट्याने शिंगातून तेल ओतल्याची कथा नाही. आहे ती बेथानीच्या जेवणाची. मार्कच्या शुभवर्तमानात एक बाई संगमरवरी कुपी फोडते आणि जटामांसीचं तेल येशूच्या डोक्यावर ओतते. बसलेले लोक चिडतात: हे तीनशेहून जास्त दिनारांना विकलं गेलं असतं, गरिबांना वाटता आलं असतं. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई एका क्षणात. जटामांसी उगवते हिमालयात, उंचावर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत भडोच बंदरातून ती पश्चिमेला जात असल्याचं नोंदलेलं आहे. आपल्या बाजूच्या बंदरांतून गेलेल्या मालाचा वास त्या कथेत आहे. आणि तेल लावणारी ना याजक, ना संदेष्टा. मार्कने तिचं नावही दिलेलं नाही. येशू तिची बाजू घेतो आणि म्हणतो, हिने माझ्या उत्तरकार्याची तयारी केली.

गादीला तेल लागतं तेव्हा

पश्चिम युरोपात राजाला तेल लावल्याची पहिली पक्की नोंद स्पेनमधली आहे. ६७२ साली तोलेदोत वांबा नावाच्या राजाला तेल लावलं, आणि त्याच्या डोक्यातून वाफेचा लोट उठला, त्यातून एक मधमाशी उडाली, असं तिथल्या इतिहासकाराने लिहून ठेवलं. पण खरी कलाटणी मिळाली फ्रँकांच्या राज्यात, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या मुलखात. तिथे मेरोव्हिंजियन घराण्याचा राजा नावापुरता होता आणि कारभार पाहणारा पेपिन सगळं चालवत होता. मेरोव्हिंजियनांचं राजेपण त्यांच्या लांब केसांत आणि रक्तात मानलं जाई. पेपिनकडे ते रक्त नव्हतं. त्याने पोपला पुसलं: ज्याच्याकडे सत्ता आहे तो राजा, की ज्याच्याकडे नुसतं नाव आहे तो? उत्तर हवं तसं आलं. ७५१ मध्ये जुन्या राजाचे केस कापून त्याला मठात धाडलं आणि पेपिनला तेल लावलं. ७५४ मध्ये पोप दुसरा स्टीफन स्वतः आल्प्स ओलांडून आला आणि पेपिनसह त्याच्या मुलांनाही तेल लावून गेला. त्या मुलांत पुढचा शार्लमेन होता.

रक्ताची उणीव तेलाने भरून निघाली, पण त्याची किंमत होती. तेल ज्याच्या हातात, तो राजाच्या वर. पुढची पाच-सहाशे वर्षं राजे आणि बिशप या किमतीवर घासाघीस करत राहिले. १२०४ मध्ये पोप तिसरा इनोसंट याने तर शरीराचे भाग वाटून दिले: बिशपच्या डोक्याला सुगंधी पवित्र तेल लावायचं, राजाला मात्र साधं तेल, आणि तेही डोक्याला नाही, दंडाला. फ्रान्स आणि इंग्लंडच्या राजांनी हे सरळ कानाआड केलं आणि डोक्यालाच तेल लावून घेत राहिले.

फ्रान्सने त्यावर आणखी एक तोड काढली. रॅन्सचा आर्चबिशप हिंकमार याने नवव्या शतकात सांगितलं, की फ्रँकांचा पहिला ख्रिस्ती राजा क्लोव्हिस याच्या बाप्तिस्म्याच्या वेळी एका कबुतराने स्वर्गातून तेलाची कुपी आणली होती, आणि ती आमच्याकडे आहे. तेल थेट स्वर्गातलं म्हटल्यावर पोपकडे पाहायची गरज कमी झाली, पण राजाला रॅन्सला येणं भाग पडलं. त्या छोट्या कुपीत वाळलेला तांबूस अर्क होता. सोन्याच्या सुईने त्यातला किंचित कण खरवडून ताज्या तेलात मिसळत. १४२९ मध्ये जोन ऑफ आर्क हिने सातव्या चार्ल्सला शत्रूच्या मुलखातून रॅन्सला नेलं ते याच कुपीसाठी. तोवर ती त्याला युवराजच म्हणत होती. १७९३ मध्ये क्रांतिकारकांनी ती कुपी भर चौकात हातोड्याने फोडली. काही तुकडे भाविकांनी लपवले होते, असं सांगून १८२५ मध्ये दहाव्या चार्ल्ससाठी पुन्हा थोडं तेल जमवलं. पाच वर्षांत त्याची गादी गेली.

या दोन तारखांच्या मधे नेपोलियन आहे. डिसेंबर १८०४ मध्ये पॅरिसच्या नोत्र-दाममध्ये त्याने मुकुट स्वतःच्या हाताने डोक्यावर ठेवला, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याआधी तो पोप सातवा पायस याच्यापुढे गुडघे टेकून बसला होता आणि पोपने त्याच्या डोक्याला आणि दोन्ही हातांना तेल लावलं होतं, हे फारसं सांगितलं जात नाही. क्रांतीतून वर आलेल्या त्या माणसालाही तेल मात्र दुसऱ्याच्या हातूनच घ्यावं लागलं.

युरोपात आज राजाला तेल लावतात ते फक्त ब्रिटनमध्ये. त्यांचा तेलाचा चमचा बाराव्या शतकातला आहे. त्याच्या खोलगट भागाचे मधोमध दोन कप्पे आहेत, आर्चबिशपांना दोन बोटं बुडवता यावीत म्हणून. सतराव्या शतकात राजेशाही पाडल्यावर बाकीची बहुतेक राजचिन्हं वितळवली, पण हा चमचा राजाच्या एका जुन्या नोकराने विकत घेऊन सांभाळला आणि राजा परतल्यावर परत दिला. जुन्या तेलात कस्तुरी, अंबर असे प्राणिज पदार्थ होते. २०२३ साठी ते वगळले. जेरुसलेमच्या जैतून डोंगरावरच्या दोन मठांच्या बागांतली ऑलिव्हं बेथलेहेमजवळ गाळली, त्यात तीळ, गुलाब, जाई, दालचिनी यांचा वास घातला, आणि ३ मार्च २०२३ रोजी जेरुसलेममध्येच ते तेल आशीर्वादित केलं.

आर्मेनियन चर्चची रीत याहून वेगळी आणि मला फार आवडणारी. तिथे साधारण सात वर्षांनी एकदा एच्मियाद्झिन या त्यांच्या मुख्य पीठात चाळीसहून जास्त वनस्पती घालून तेल शिजवतात, आणि त्यात आधीच्या तेलाचा उरलेला भाग घालतात. विरजणासारखं. जुनं कधी संपू देत नाहीत.

आपल्याकडे पाणी

मराठी वाचकाला ‘अभिषेक’ म्हटलं की तेल आठवत नाही, पाणी आठवतं, आणि ते बरोबरच आहे. शतपथ ब्राह्मणात राजसूयासाठी सतरा प्रकारची जलं सांगितली आहेत, त्यात दूध, मध, तूपही येतं. हे जल राजावर कोण शिंपडतं ते पाहण्यासारखं आहे. पळसाच्या पात्रातून ब्राह्मण, उंबराच्या पात्रातून राजाचा भाऊबंद, वडाच्या पात्रातून मित्र असलेला क्षत्रिय, पिंपळाच्या पात्रातून वैश्य. एकट्या पुरोहिताच्या हातात सारं ठेवलेलं नाही. अर्थात चौथा वर्ण त्या वर्तुळाबाहेरच आहे, हेही तितकंच खरं. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांना अभिषेक झाला तेव्हाही गागाभट्टांच्या सोबत प्रधान आपापल्या दिशांना कलश घेऊन उभे होते.

तेल आपल्याकडे राहिलं ते घरात. नरकचतुर्दशीचं अभ्यंग, लग्नातली हळद, तेलवण, बाळाची टाळू भरणं. तिथे लावणारे हात बहुतेक बायकांचे.

आजाऱ्याचं तेल

ख्रिस्ती परंपरेत राजांच्या कितीतरी आधीपासून तेल आजाऱ्यांसाठी होतं. याकोबाच्या पत्रात लिहिलं आहे: कुणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करून तेल लावावं. ४१६ साली पोप पहिला इनोसंट एका बिशपला लिहितो, की बिशपने आशीर्वाद दिलेलं हे तेल धर्मगुरूंनीच नव्हे, सर्व ख्रिस्ती लोकांनी स्वतःच्या आणि आपल्या माणसांच्या अडचणीत वापरायला हरकत नाही. राजाला जी मुभा नव्हती ती आजाऱ्याला होती. लोक तेल घरी नेत, स्वतः लावत.

शार्लमेनच्या काळापासून ही मुभा आटत गेली. तेल धर्मगुरूंच्या हाती गेलं, मग मृत्युशय्येपुरतं उरलं. धर्मगुरू तेल घेऊन दारात आला म्हणजे माणूस जाणार, अशी धास्ती बसली, आणि मग घरचे त्याला बोलवायलाच टाळाटाळ करू लागले. दिलासा म्हणून सुरू झालेली गोष्ट भीतीची झाली, याची मला खरोखर हळहळ वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये हे दुरुस्त करायला घेतलं आणि हा संस्कार केवळ शेवटच्या घटकेचा नाही, आजाऱ्याचा आहे असं स्पष्ट केलं. १९७२ मध्ये पोप सहावा पॉल याने नवा विधी दिला आणि एक मोठी अडचण दूर केली: ऑलिव्ह मिळत नसेल तिथे दुसरं कोणतंही वनस्पतीचं तेल चालेल.

आज कॅथलिक बिशप ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी किंवा त्याच्या आसपास तीन तेलं आशीर्वादित करतात. एक आजाऱ्यांचं, एक बाप्तिस्म्याच्या तयारीचं, आणि एक बाल्सम घातलेलं सुवासिक. तिथून ती गावोगावच्या चर्चमध्ये जातात. १९९८ मध्ये झालेल्या वसई धर्मप्रांतातही, जिथे मिस्सा मराठीत होते, हेच चालतं. त्या सुवासिक तेलाचा मान राजाच्या तेलाएवढाच, आणि ते लागतं कोळ्याच्या किंवा केळीच्या बागायतदाराच्या तान्ह्या बाळाच्या डोक्याला.

गोव्यातली बंदी

आता शेवटचा आणि आपल्या सगळ्यांत जवळचा प्रसंग. पोर्तुगीज गोव्यात १७३६ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, एक लांबलचक हुकूम काढला. नवख्रिस्ती घरांतून कोणकोणत्या जुन्या चाली बंद व्हायला हव्यात त्याची ती यादी. अंगणात तुळस नको, लग्नात ओव्या नकोत. आणि लग्नाच्या आधी, लग्नात किंवा नंतर नवरा-नवरीच्या अंगाला हळद, दूध, खोबरेल, तांदळाचं पीठ यांचं मिश्रण लावायला नको.

ज्या चर्चचा बाप्तिस्मा तेलाशिवाय पुरा होत नव्हता, त्याच चर्चच्या न्यायालयाने घरातल्या बायकांनी लावलेलं तेल गुन्हा ठरवलं. तेलाला आक्षेप असता तर तो आधी चर्चमधल्या तेलाला असायला हवा होता. आक्षेप होता तो हातांना. आईने, काकूने, शेजारणीने पोरीला पवित्र करायचं, यात धर्मगुरूला काही कामच उरत नव्हतं.

हुकूम कागदावर राहिला. गोव्याच्या कॅथलिक घरांत आजही लग्नाच्या आदल्या दिवशी ‘रोस’ होतो. ओला नारळ किसून, पिळून काढलेला रस आणि खोबरेल नवऱ्या मुलाला किंवा मुलीला लावतात. मंगळूरच्या कॅथलिकांतही तो आहे, आणि मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या कॅथलिक घरांत हळद लागते. आधी आईवडील लावतात, मग नातेवाईक, मग ओळखीपाळखीचे. पोरंटोरं हात भरभरून रस घेतात आणि नवऱ्या मुलाच्या कानानाकात जाईल इतका माखतात, आणि त्याला बसून घ्यावंच लागतं.